पहिली पाटी मी गाळली

मी दुभाष्याचं काम चांगलं करतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे सांगायचं आहे त्यात माझ्या बाजूने बोलण्यासारखं फारसं काही नाही, तेव्हा एवढी एक गोष्ट सुरुवातीलाच असू दे. समोरचा माणूस इंग्रजीत बोलत असतानाच माझ्या डोक्यात मराठी वाक्य जुळत असतं. कामावर मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, तिथे याचा उपयोग शून्य. उपयोग होतो तो डॉक्टरांकडे.

अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत. मुलगा-सून नोकरीला, नातवंडं कॉलेजात, आणि खालच्या मजल्यावरच्या खोलीत कुणाची तरी आई किंवा बाबा. यांना दवाखान्यात नेलं की काउंटरवरची बाई विचारते, दुभाषा हवा का? फुकट असतो, मागितला की मिळतो. आणि आम्ही सगळे एकच उत्तर देतो. नको, मी आहे ना. त्यात एक अभिमान असतो. आपल्या आईचं दुखणं परक्या माणसाच्या तोंडून कशाला जायला हवं? मी तर हे उत्तर काउंटरवरच्या बाईचा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत देत असे.

आई कराडहून आली ती सहा महिन्यांसाठी म्हणून. ग्रीन कार्ड होतं, पण मन तिकडेच होतं. परतीचं तिकीट काढलेलं होतं, कराडच्या फ्लॅटची किल्ली खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे होती, तुळशीला पाणी घालायचं सांगून ठेवलं होतं. पहिल्याच हिवाळ्यात तिच्या छातीत दुखलं आणि स्टेंट घालावा लागला. तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, इतक्यात विमानप्रवास नको. मी तसंच्या तसं मराठीत सांगितलं. आईने मान हलवली. तिकीट कॅन्सल केलं.

मग काही महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो. डॉक्टर उंच, पायात पळायचे बूट, हसऱ्या. आईने मला आधीच बजावलं होतं, "आज तेवढं विचार. मी घरी केव्हा जाऊ?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, खुशाल जाऊ द्या, माझी काही हरकत नाही. विमानात अधूनमधून चालायचं, पाणी प्यायचं, औषधं हातातल्या बॅगेत ठेवायची. एवढं सगळं त्या आईकडे बघत, हसत, सावकाश बोलल्या. मग थांबल्या, म्हणजे आता मी बोलायचं.

मी म्हणालो, "म्हणतात, अजून थोडं थांबू या. पुढच्या वेळी बघू."

आईने डॉक्टरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "एवढं हसून नाही म्हणाली?"

"इथे सगळे हसूनच बोलतात," मी म्हटलं.

हे मी आधी ठरवलं नव्हतं, असं म्हणायचा मोह होतो. पण ते खरं नाही. गाडी पार्क करतानाच मला कळलं होतं की डॉक्टर हो म्हणाल्या तर मी काय करणार आहे.

काळजी हे कारण मी स्वतःला देत होतो आणि ते अगदीच खोटं नव्हतं. ती तिकडे एकटी, जिना चढून वर, काही झालं तर फोन येणार आणि मी इथे पासपोर्ट शोधत बसणार. पण त्याच्या खाली दुसरं कारण होतं. बायको बॉस्टनला जाऊन येते, तिला उशीर होतो. मुलगी पेनसिल्व्हेनियात शिकते. आई यायच्या आधी मी कामावरून आलो की गराज उघडायचं, दिवे लावायचे, आणि काल ठेवलेला कप तिथेच दिसायचा. आई असली की घरात फोडणीचा वास असायचा आणि कुणीतरी विचारायचं, आज एवढा उशीर? पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला हे हवं होतं. मग तिला सरळ म्हणायचं, आई, राहा ना इथे. ते मी म्हटलं नाही. कारण ती नाही म्हणाली असती तर? डॉक्टरांच्या तोंडात नकार घालणं सोपं होतं.

त्यानंतर प्रत्येक तपासणीला तेच. ती विचारायची, मी विचारायचो, डॉक्टर हसायच्या, मी नाही सांगायचो. पुढे पुढे तर मी डॉक्टरांना तो प्रश्न विचारतही नव्हतो. आई मराठीत विचारायची, "जाण्याचं विचार," आणि मी इंग्रजीत रक्तदाबाच्या गोळीचं काहीतरी विचारायचो. डॉक्टर गोळीबद्दल बोलायच्या, मी आईला सांगायचो, अजून नाही म्हणतात. कराडहून खालच्या बाईंचा फोन आला की आई म्हणायची, "डॉक्टर सोडत नाहीत हो." बायकोलाही मी तेच सांगितलं होतं. माझ्या घरात खरं माहीत असलेला मी एकटाच माणूस होतो.

आता सिनेमाचं.

आमच्या गावातल्या लायब्ररीत शनिवारी सकाळी मराठी ज्येष्ठांचा कट्टा भरतो. भजन, कोडी, कधी मेडिकेअरवर, म्हणजे इथल्या म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यावर, भाषण. लायब्ररीच्या बाईंना या मंडळींचं फार कौतुक. त्यांनीच सुचवलं की तुम्हाला एक जुना मूकपट दाखवते, हॉलिवूडच्या अगदी सुरुवातीच्या काळातला. त्यात बोलणंच नाही, तेव्हा भाषेची अडचण नाही. अडचण अशी होती की मूकपटातही दर थोड्या वेळाने काळ्या पाटीवर पांढरी इंग्रजी अक्षरं येतात आणि ती वाचून होईपर्यंत जातात. कट्टा चालवणारे काका निवृत्त डॉक्टर आहेत, आयुष्यभर ऑपरेशन थिएटरात भूल दिली, इथे आले तेव्हा गावात दुसरं मराठी घर नव्हतं. त्यांनी मला फोन केला.

"पडद्याशेजारी उभा राहून तू पाट्या मराठीत वाच. पूर्वी आपल्याकडे तंबूत माणूस उभा राहायचा तसा."

"मीच का, काका?"

"तुझा आवाज बरा आहे आणि तुला नाही म्हणता येत नाही. दोन्ही एका माणसात मिळत नाही."

सिनेमा एका जाडजूड इंग्रजी कादंबरीवर काढलेला होता. गंमत म्हणजे ती कादंबरी मी वाचलेली होती, सांगलीला कॉलेजात असताना, शेजारी डिक्शनरी ठेवून. समुद्रकाठच्या गावातला एक कडक स्वभावाचा गिरणीवाला, त्याची एकुलती एक मुलगी. ती एका खलाशाशी लग्न करते, बाप तिला घराबाहेर काढतो. मी सिनेमा घरी दोन-तीनदा पाहिला, पाट्यांचं मराठी करून ठेवलं. छान केलं होतं. बापाला जुन्या वळणाची मराठी दिली, खलाशाला जरा कोल्हापुरी.

शनिवारी चांगली गर्दी झाली. आई पहिल्या रांगेत, स्वेटरवर शाल घेऊन. दिवे मालवले, पियानो सुरू झाला, आणि पहिली पाटी आली. ती कंपनीची, नावांची, बारीक अक्षरांची पाटी होती. लोक अजून खुर्च्या सरकवत होते. मी ती सोडून दिली. दुसऱ्या पाटीपासून सुरुवात केली: "वाऱ्याच्या तोंडावर वसलेलं एक गाव."

पाच मिनिटांत माझा आवाज बसला, म्हणजे जागेवर बसला. पण माझं कोण ऐकत होतं? खलाशी पडद्यावर आला तशी मागून एक काकू म्हणाल्या, "अगं, हा हिरो आहे का हिरॉईन? ओठ बघ कसे रंगवलेत."

भूलवाले काका म्हणाले, "त्या काळच्या फिल्मवर लाल रंग काळा दिसायचा. त्यामुळे मेकअप असा..."

"तुम्ही गप्प बसा हो. तुमची भूल द्यायची सवय जात नाही. आम्हाला जागं राहू द्या."

बापाने मुलीला हाकललं तेव्हा त्याने दाराकडे बोट दाखवलं आणि ते बोट तसंच धरून ठेवलं. त्याच काकू म्हणाल्या, "हात दुखेल मेल्याचा. तिला काय घरातलं दार माहीत नाही?" बापाची दाढी कापसाची होती हे सगळ्यांनाच दिसत होतं. पुढे वर्षं जातात, खलाशी बुडतो, बाप आजारी पडतो, आणि मुलगी बर्फातून चालत माहेरी निघते. तो बर्फ पाहून हॉलमध्ये हशा पिकला. इथे सगळ्यांनी बर्फ उपसलेला. "खोटाय हा. केसांवर पडून वितळत नाही." "मिठासारखा दिसतो." "आमच्या ड्राइव्हवेवर पाठवा असला बर्फ, झाडूने निघेल." मग मुलगी पडते, आणि घरचा म्हातारा कुत्रा तिला शोधत येतो. इथे हशा थांबला. कुत्रा तिची शाल दातात धरून ओढतो, दाराशी आणतो, ती आत येते, आणि बाप डोळे उघडतो. शेवटची पाटी मी सावकाश वाचली. "ये पोरी. दाराला कडी कधी घातलीच नव्हती."

दिवे लागले तेव्हा बहुतेकांचे डोळे ओले होते. ज्या काकू सगळ्यात जास्त हसत होत्या त्या सगळ्यात जास्त रडत होत्या. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. थर्मासमधला चहा सुरू झाला. आई कप घेऊन माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. ती रडलेली नव्हती.

काकूंनी नाक पुसत विचारलं, "मूळ पुस्तकात असंच आहे का रे?"

कुणीतरी हेच विचारावं, असं मला वाटत होतं. "अजिबात नाही, काकू. पुस्तकात ती पोचतच नाही. बाप खुर्चीत बसल्या बसल्या जातो. तिला कळतं ते कित्येक महिन्यांनी, दुसऱ्याच गावात, बाजारात मासे घेताना. विकणारी सहज सांगते. ती मासे घेऊन घरी येते आणि कापायला बसते. पानभर फक्त मासे कापण्याचं वर्णन आहे."

"आणि कुत्रा?"

"पुस्तकात कुत्राच नाही."

यावर जे भांडण पेटलं ते चहा संपेपर्यंत पुरलं. काकूंचं म्हणणं, बदललं ते बरं केलं, एवढं थंडीत बाहेर पडून यायचं आणि मासे कापताना बघायचं? काका म्हणाले, ही शुद्ध फसवणूक आहे, लेखक मेला म्हणून काय वाटेल ते करायचं? कुणीतरी म्हणालं, काका, तुम्ही पेशंटला सांगायचात ना, काही दुखणार नाही म्हणून. सगळे हसले.

आई म्हणाली, "बदललं तर बदललं. पण बदललंय असं सांगायला नको का त्यांनी?"

"तसं काही सांगितलेलं नाही, आई," मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो की मला स्वतःलाही ते ऐकू आलं नाही.

"पहिल्या पाटीवर होतं की काहीतरी," आई म्हणाली. ती चौथीपर्यंतच्या मुलांना शिकवायची. इंग्रजी तिला भराभर येत नाही, पण अक्षर लावून लावून वाचते. "नॉव्हेल एवढं वाचता आलं मला. पुढचं बारीक होतं, आणि तू गप्प होतास."

"नावांची पाटी होती ती."

"होतं, होतं," काका म्हणाले. "कादंबरीवरून, पण मोकळेपणाने बदल करून, असं काहीतरी होतं. ह्यानं गाळलं. पगार कापा याचा."

पुन्हा हशा. आई हसली नाही. तिने कप टेबलावर ठेवला आणि शाल सारखी केली.

गाडीत बसल्यावर तिने पट्टा स्वतःच लावला, एरवी मला लावून द्यायला सांगते. मी हीटर सुरू केला.

"किती पाट्या गाळल्यास?"

"एकच."

"आणि डॉक्टरांकडच्या?"

मी गाडी रिव्हर्समध्ये टाकली. मागच्या काचेत बघत राहिलो, गरजेपेक्षा जास्त वेळ. लायब्ररीच्या गेटमधून बाहेर पडलो तेव्हा ती म्हणाली, "दूध संपलंय. वाटेत घेऊ."

दुकानात मी दुधाच्या फ्रीजसमोर दार उघडून उभा राहिलो. तिला संशय आज आला की पहिल्याच दिवशी, त्या हसण्यापासून, हे मला कळत नव्हतं. आणि ती मला आणखी एक संधी देत होती की फक्त दूध हवं होतं, हेही कळत नव्हतं. पुढची तपासणी दोन आठवड्यांवर होती. तोवर मी सांगितलं नाही. ती पुन्हा विचारणार नाही, हे मात्र मला पक्कं माहीत होतं. असला प्रश्न आई एकदाच विचारते.

तपासणीच्या आदल्या दिवशी जेवताना मी बायकोला सांगितलं. आई खाली झोपली होती. बायकोने चमचा खाली ठेवला.

"मला पण?"

"हो."

"यार, मी तुझ्या बहिणीला फोनवर त्या डॉक्टरला शिव्या घातल्यात." थोड्या वेळाने म्हणाली, "उद्या मी येत नाही. हे तू एकट्याने करायचं."

दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या बाईने विचारलं, दुभाषा हवा का? मी म्हणालो, हवा. तिने मान वर करून पाहिलं. तिला माझं उत्तर पाठ होतं. भाषा कोणती? मराठी. तिने ते दोनदा विचारून घेतलं.

आत खोलीत आई कागद अंथरलेल्या पलंगावर बसली, पाय लोंबकळत. चाकांच्या स्टँडवर एक टॅबलेट कोपऱ्यात आणून ठेवलेला होता, अजून बंद. डॉक्टर यायच्या होत्या. आईने त्या टॅबलेटकडे पाहिलं. "हे काय?"

"दुभाषा. मराठी बोलणारं माणूस येईल त्यावर."

"का? तू आहेस ना."

एवढंच म्हणाली, टोमणा नव्हता. मग मी सांगितलं. "आई, डॉक्टर नाही म्हणाल्या नव्हत्या. पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, ऑपरेशननंतर. पुढे कधीच नाही म्हणाल्या. जा म्हणाल्या होत्या."

"मग नाही कोण म्हणालं?"

"मी."

पलंगावरचा कागद वाजला. ती माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या लक्षात आलं की मी अजून तिच्याकडे बघत नाहीये. मी पाहिलं. रागापेक्षा थकवा दिसत होता. म्हणाली, "आणि मी इतके दिवस त्या बाईला मनातल्या मनात बोल लावतेय." डॉक्टरांबद्दल म्हणत होती.

डॉक्टर आल्या, टॅबलेट सुरू झाला आणि त्यात एक मराठी बाई दिसल्या, कानाला हेडफोन, मागे निळा पडदा. नमस्कार म्हणाल्या. बोलण्यात नागपूरकडची झाक होती. आईचा चेहरा बदलला.

"नमस्कार. तुम्ही कुठल्या हो?"

त्या बाईंनी लगेच डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं की पेशंट मला मी कुठली ते विचारत आहेत. डॉक्टर हसल्या. आई मला म्हणाली, "बघ. एवढंसुद्धा सांगितलं तिनं."

मग आईने स्वतः विचारलं, मी माझ्या घरी जाऊ का. डॉक्टर म्हणाल्या, हे आपण मागेच बोललो होतो ना? आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, इंग्रजीत, की मी तेव्हा आईला वेगळं सांगितलं होतं. दुभाषी बाईंनी तेही आईला मराठीत सांगितलं, जसंच्या तसं, आवाजात काही न मिसळता. ते माझंच वाक्य परक्या आवाजात ऐकणं, हे मी कुणाला समजावून सांगू शकणार नाही. डॉक्टरांनी खुर्ची आईजवळ ओढली. मग त्यांनी आईला सगळं पुन्हा सांगितलं, चालणं, पाणी, औषधं, कराडला कुठल्या डॉक्टरांना दाखवायचं. आईने प्रत्येक गोष्टीला "हं" केलं.

मग ती मला म्हणाली, "तू जरा बाहेर थांब. मला आणखी विचारायचंय."

मी कॉरिडॉरमध्ये उभा राहिलो. दार जाड होतं, शब्द ऐकू येत नव्हते. आईचा आवाज बराच वेळ चालला होता, मध्ये तिघी हसल्या, मग पुन्हा आईच. आजवर मी तिच्या सगळ्या दुखण्यांचा जाणकार होतो. मुलासमोर न बोलता येण्यासारखं काही तिच्याकडे असेल, आणि ते इतकं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. काय बोलली ते मला आजही माहीत नाही. तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

घरी आल्यावर आई माझ्याशी सुनेमार्फत बोलू लागली. मी समोर बसलेलो असताना. "त्याला विचार, भात आणखी वाढू का." "त्याला सांग, थंडी वाढायच्या आत तिकीट काढ." बायकोने चार दिवस केलं. मग म्हणाली, "आई, मी दुभाषी नाही हं. तुमचं तुम्ही बोला." आणि वर निघून गेली.

आई गवार मोडत होती. मी समोर बसलो आणि मीही मोडायला घेतली. ती म्हणाली, "शिरा काढ आधी." काढल्या.

"राहा म्हणाला असतास तर राहिले असते कदाचित," ती म्हणाली.

"खरंच?"

"कदाचित म्हटलं. मला तरी कुठे माहीत? मला कुणी विचारलंच नाही."

मी म्हणालो, "आता विचारतो. राहा."

"आता जाणार," ती म्हणाली. त्यात राग नव्हता, हेच मला जास्त लागलं. ठरलेली गोष्ट होती. मी तिची मनधरणी केली नाही. तिकीट त्याच दुपारी काढलं, आणि खालच्या बाईंना फोन लावून दिला. आई फोनवर म्हणाली, "येतेय. हो, सोडलं." कुणी सोडलं ते म्हणाली नाही.

मला लोक विचारतात, आता एकटं वाटतं का. वाटतं. कामावरून येतो, दिवे लावतो, काल ठेवलेला कप असतो. पण फोन केला की मी आता तिला जे विचारायचं ते सरळ विचारतो, आणि ती नाही म्हणते तेव्हा ते तिचं नाही असतं. हे आधीपेक्षा बरं आहे. यात मला शंका नाही.

ती निघाली त्या दिवशी विमानतळावर आम्ही तिला व्हीलचेअर सांगितली होती. त्याच विमानाने कट्ट्यावरच्या काकूही निघाल्या होत्या, त्याच, सिनेमा बघताना रडलेल्या. आईला पाहून त्यांना आनंद झाला.

"अगंबाई, दिली का परवानगी डॉक्टरांनी शेवटी?"

"डॉक्टरांनी केव्हाच दिली होती," आई म्हणाली. "ह्यानं आत्ता दिली."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. हसून उडवून लावता आलं असतं, आईनेही मग काही म्हटलं नसतं. बायको माझ्या शेजारी उभी होती.

मी म्हणालो, "खरं आहे, काकू. त्या जा म्हणत होत्या आणि मी आईला नाही सांगत होतो."

"अरे, पण का?"

"मला ती इथे हवी होती."

काकूंनी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. आई म्हणाली, "आता हे सगळ्या कट्ट्याला कळणार."

"कळू दे," मी म्हणालो.

व्हीलचेअर ढकलणारा मुलगा आला. मी वाकून नमस्कार केला, तिने डोक्यावर हात ठेवला, नेहमीसारखा, कमी नाही आणि जास्त नाही. मग ते निघाले. व्हीलचेअरमधून मागे वळून बघता येत नाही, आणि आई तशी बघणाऱ्यातली नाहीही. काकू मात्र शेजारून चालताना वळून वळून माझ्याकडे बघत होत्या आणि आईकडे वाकून काहीतरी विचारत होत्या. आई हात हलवून हलवून सांगत होती. सुरक्षेच्या रांगेत दिसेनाशी होईपर्यंत तिचं सांगणं संपलं नव्हतं.